अशेरीचा डोंगर आणि पुढे चालणारा माणूस

गेले तीन आठवडे ऑफिसात रिलीजची धामधूम चालू होती. शुक्रवारी रात्री दीडला शेवटचा बिल्ड गेला आणि शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा वाटलं, झालं, काहीतरी फुटलं! पण फोन मास्तरचा होता. "उद्या अशेरीला चाललोय. तू येतोयस. विचारत नाहीये, सांगतोय."

मास्तर म्हणजे माझा बोईसरचा शाळेतला मित्र. आता पालघरला शाळेत इतिहास शिकवतो. सोबत एमआयडीसीत पाळ्या करणारा आमचा केमिकलवाला आणि पुण्याहून आलेला माझा चुलतभाऊ. एकूण चौघं. मंडळी, आधीच सांगून ठेवतो, हा ट्रेकचा वृत्तांत म्हणून लिहायला घेतला होता, पण तो भलतीकडेच गेला.

बोईसरला लहानपण गेलेल्या माणसाला डोंगर नवे नसतात, पण ते नेहमी पाठीमागे असतात. आमची तोंडं पश्चिमेकडे. वडलांच्या पिढीने १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालेलं बघितलं, आम्ही एमआयडीसी वाढताना बघितली. नोकरी पश्चिमेला, रेल्वे तिकडेच, समुद्रही तिकडेच. पूर्वेला डोंगरांची रांग दिसायची, पण तिच्यातल्या प्रत्येक डोंगराला स्वतंत्र नाव आहे हे मला दहावीनंतर कळलं. असावा, काळदुर्ग, तांदुळवाडी, कोहोज, अशेरी... माझ्या आजोबांना मात्र ही सगळी नावं तोंडपाठ होती. चाळीसच्या दशकात ते मनोरला एका लाकडाच्या वखारीत मेहताजी होते. डोंगर नुसता बघून तिथे साग जास्त की ऐन ते सांगायचे. पण आयुष्यात ते एकाही डोंगरावर चढले नाहीत. यातला 'पण' मला परवापर्यंत कधी खटकला नव्हता.

असो. रविवारी पहाटे बोईसरहून निघालो, चिल्हार फाट्याला हायवे पकडला आणि खोडकोन्याच्या बाजूला एका पाड्यावर गाडी लावली. मास्तरने आदल्या दिवशीच फोन करून एक वाटाड्या ठरवला होता. मी म्हटलं, "कशाला? माझ्याकडे ॲप आहे की, सगळी वाट आखलेली." मास्तर म्हणाला, "तुझ्या ॲपला रानडुकराची वाट आणि माणसाची वाट सारखीच दिसते." :)

वाटाड्या म्हणजे पंचावन्नच्या आसपासचे वारली काका. अंगात जुना फुलशर्ट, पायात स्लीपर, कमरेला कोयता. केमिकलवाल्याने विचारलं, "काका, किती घेणार?"

"आठशे."

"आठशे? दोन तासांच्या वाटेला? सहाशे करा."

काका काहीच बोलले नाहीत. जरासे हसले आणि म्हणाले, "चला आता, ऊन व्हायच्या आत वर पोचू." आम्ही धरून चाललो की सहाशे ठरले. हा संवाद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाट सुरुवातीला सागाच्या रानातून जाते. हिवाळ्याचे दिवस, सागाची मोठाली पानं गळायला लागलेली, पाय पडला की पापडासारखी मोडतात. मध्येच ऐन, मोह, करवंदाच्या जाळ्या. एका ठिकाणी शेंदूर फासलेला लाकडी खांब दिसला. वाघोबा. वारल्यांचा हा देव पालघर भागात जागोजागी भेटतो. पालघर-मनोर रस्त्यावरच्या खिंडीला तर वाघोबा खिंड असंच नाव आहे. काका दोन क्षण थांबले, हात जोडले आणि चालू पडले. आम्हीही जोडले. बिबट्याच्या रानात उगाच कशाला रिस्क घ्या!

अर्ध्या वाटेत दम खायला थांबलो तेव्हा चुलतभावाने एक अगदी रास्त प्रश्न विचारला. "या आडरानात पोर्तुगीज कशाला कडमडले असतील? बंदर नाही, मिरी नाही, काही नाही."

मास्तरने हातातली काठी शेजारच्या सागाच्या बुंध्यावर आपटली. "याच्यासाठी."

आणि मग जो तास सुरू झाला तो थेट माथ्यावरच संपला. मला जेवढा पचला तेवढा इथे देतो.

अशेरी शिलाहारांच्या भोजराजाने बांधला असं सांगतात. ते असो. पोर्तुगिजांचा या भागातला पाय घट्ट झाला तो १५३४ च्या डिसेंबरात. हुमायून अंगावर येतोय म्हटल्यावर गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांशी तह केला आणि वसई देऊन टाकली. पुढे १५५९ साली दमण त्यांच्याकडे गेलं. वसई आणि दमण यांच्या मधला किनारा, म्हणजे केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू, हा त्यांच्या 'उत्तरेकडच्या प्रांता'चा भाग. किनाऱ्यावर किल्ले आणि गढ्यांची माळच लावली त्यांनी. तारापूरचा कोट आम्ही लहानपणी सायकलवरून जाऊन बाहेरून बघायचो, तोही त्यातलाच. पण किनारा सोडून आत, डोंगरात जी ठाणी त्यांनी धरली त्यात मनोर आणि अशेरी महत्त्वाची. अशेरी त्यांनी १५५६ मध्ये मिळवला. आंतोनियो बोकारो नावाच्या पोर्तुगीज इतिहासकाराने १६३५ साली पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज किल्ल्यांची सचित्र पोथी तयार केली. तीत वसई-दमणच्या पंक्तीला हा आडरानातला अशेरीसुद्धा आहे.

कारण साग. युरोपात जहाजं ओकच्या लाकडाची करत. ओकमध्ये आम्ल असतं, त्याने लोखंडी खिळे खातात. सागात तेल असतं, खिळा टिकतो, लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, वाळवीही सहसा लागत नाही. गोव्याला आणि वसईला बांधलेली सागवानी जहाजं लिस्बनच्या जहाजांपेक्षा जास्त फेऱ्या मारत. अर्थात हा काही पोर्तुगिजांचा शोध नव्हे. ते यायच्या आधीपासून आगाशी जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होतं. पोर्तुगिजांनी चालू धंदा ताब्यात घेतला, एवढंच. आजच्या भाषेत ॲक्विझिशन.

आता जरा इंजिनिअरच्या डोक्याने विचार करा. झाड डोंगरात, जहाज खाडीत. मधलं काम कोणी केलं? झाड निवडायचं, तोडायचं, फांद्या साळायच्या, ओंडका बैलांनी ओढत नदीपर्यंत आणायचा. सूर्या पुढे वैतरणेला मिळते, वैतरणेत भरतीच्या पाण्यावर मनोरपर्यंत होड्या येत. तिथून खाली खाडी आणि मग वसई. ही सगळी सप्लाय चेन चालवायला रान माहीत असलेली माणसं लागतात. कुठल्या उतारावर सरळ सोट साग मिळेल, कुठून ओंडका उतरवता येईल, कुठला ओढा कधी आटतो... हे लिस्बनहून आलेल्या कप्तानाला काय कळणार? इथल्या वारल्यांना, मल्हार कोळ्यांना, कातकऱ्यांना ते माहीत होतं. पोथीत किल्ल्याचं चित्र आहे. ही माणसं त्या चित्राच्या बाहेर राहिली.

एवढं होईतो आम्ही कातळाच्या टप्प्याशी आलो. अशेरीला मोठे तट-बुरूज फारसे नाहीत, उभे कडे हाच त्याचा तट. शेवटचा टप्पा जरा जपून चढावा लागतो. काका स्लीपर घालून सरळ वर गेले आणि वरून, "उजवा पाय इकडं, हात तिकडं, खाली नका बघू" असं सांगत एकेकाला घेतलं. माझं ॲप त्या वेळी सांगत होतं की मी शंभर मीटर डावीकडे हवेत आहे.

वर एक मोठा कोरीव दगड आहे. त्यावर पोर्तुगिजांचं राजचिन्ह, वर मुकुट. एकेकाळी दरवाज्यावर मिरवणारा हा दगड आता मातीत बसलाय आणि ट्रेकर लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. आम्हीही काढला. फोटो काकांनी काढला, म्हणजे ते त्यात नाहीत. तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही.

हा मुकुट उतरला वसईच्या मोहिमेत. १७३७ ला चिमाजीअप्पांनी मोहीम सुरू केली, ठाणे पडलं, साष्टी घेतली. १७३९ च्या जानेवारीत उत्तरेकडे माहीम पडलं आणि मग तारापूर. तारापूरला सुरुंग लावून तट उडवला, घनघोर लढाई झाली आणि तिथे बाजी भिवराव पडले. बाजीराव पेशव्यांचे ते जिवलग. त्यांच्या आईचं सांत्वन करणारं बाजीरावांचं पत्र मराठीतल्या प्रसिद्ध पत्रांपैकी एक आहे. मास्तर म्हणतो की दरवर्षी वर्गात त्याबद्दल सांगताना त्याचा आवाज बसतो. याच मोहिमेत अशेरी मराठ्यांकडे आला. मे महिन्यात वसई पडली आणि उत्तरेकडचा प्रांत जवळजवळ संपला.

मी विचारलं, "मराठे देशावरचे. खाड्या, खाजणं, ही रानं त्यांना काय माहीत? त्यांना वाटा कोणी दाखवल्या?"

मास्तर खूश झाला. शिक्षकाला नेमका प्रश्न आला की होतो तसा :) म्हणाला, "साष्टीपुरतं उत्तर आहे. अंजूरचे नाईक. गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊबंद कितीतरी वर्षं या कामामागे होते. बातम्या काढल्या, पेशव्यांकडे खेटे घातले, माणसं जोडली. त्यांची हकीकत साष्टीच्या बखरीत आहे, म्हणून आपल्याला त्यांची नावं माहीत आहेत."

"आणि या बाजूला?"

"या बाजूला कोणीतरी असणारच. पण बखर लिहायला घरात लिहिणारा लागतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. आमच्याकडे कंपनीत एक जुनी सिस्टिम होती. तिचं एक पानही डॉक्युमेंटेशन नव्हतं, सगळं एका माणसाच्या डोक्यात. सिस्टिमवर नाव मात्र आर्किटेक्टचं. तो माणूस सोडून गेला तेव्हा कळलं की सिस्टिम म्हणजे तोच होता. इतिहासात हे सर्रास झालेलं दिसतं.

माथ्यावर मोठं पठार आहे, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि एका गुहेत अशेरी देवी. काकांनी खिशातून अगरबत्ती काढून लावली. मग आम्ही सावलीला डबे उघडले. आग्रह करून काकांना बसवलं, त्यांनीही फडक्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी सोडली. ती चटणी आधी संपली हे सांगायला नकोच.

उंची फार नाही, जेमतेम सतराशे फूट. पण चहूबाजूंनी नजर पोचते. एकीकडे कोहोज आणि त्याचा तो माणूस उभा असल्यासारखा सुळका, खाली सूर्येचं खोरं आणि हायवेवरचे मुंगीएवढे ट्रक. पश्चिमेला धुरकट पट्टा. तो आमचा बोईसर :( त्याच्या पुढे समुद्र, जिथे आता वाढवणचं बंदर होणार आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याचं भूमिपूजन झालं. चुलतभाऊ म्हणाला, "म्हणजे पुन्हा जहाजं." कोणी उत्तर दिलं नाही.

बोलता बोलता मी काकांना सांगितलं की माझे आजोबा मनोरच्या वखारीत मेहताजी होते.

काकांनी मान वर केली. "कुठल्या वखारीत?"

मी मालकाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "माझा आजा पण तिथेच जायचा. लाकूड घेऊन. इकडची सगळीच जायची." मग जरा थांबून, अगदी सहज, हवेबद्दल बोलावं तसं म्हणाले, "आज्याने लग्नाला पैसे घेतलेले. बाप सांगायचा, ते फेडता फेडताच गेला."

आमच्याकडे माळ्यावर आजोबांची एक चोपडी आहे. लाल कापडात बांधलेली, उभी, लांबट. अक्षर मोत्यासारखं. लहानपणी मी ती शुद्धलेखनाच्या वहीसारखी बघायचो. 'साग गाडी ३, ऐन गाडी ५, असामी १४'. ठेकेदाराचं नाव असायचं, गाडीवानाचं असायचं, जंगल नाक्यावरच्या नाकेदाराचंही असायचं. आणि मग असामी १४. मी दहाएक वर्षांचा असताना विचारलं होतं, या चौदा जणांची नावं का नाहीत? आजोबा म्हणाले, "अरे रोजचे वेगळे, कुठली नावं लिहायची?" माझे आजोबा वाईट माणूस नव्हते. हिशेबात एक पैशाची चूक ठेवली नाही त्यांनी कधी. पण त्या हिशेबात नावाचा रकानाच नव्हता.

परत डोंगराकडे येतो. १८१८ ला पेशवाई संपली आणि हा मुलूख इंग्रजांकडे गेला. कॅप्टन डिकिन्सन नावाच्या अधिकाऱ्याने इथल्या किल्ल्यांची पाहणी केली. पुन्हा कोणी बंड करून गडावर बसू नये म्हणून इंग्रजांनी अशा बऱ्याच गडांच्या वाटा आणि पायऱ्या तोडून टाकल्या. पण या लोकांच्या आयुष्यात खरा फरक पडला तो जंगल कायद्यांनी. १८७८ चा कायदा आला, रानं राखीव झाली. कालपर्यंत जिथे सरपण आणलं, मोहाची फुलं वेचली, राब जाळून भात-नाचणी पेरली, तिथे आज पाऊल टाकलं तर गुन्हा. कूप लिलावाने ठेकेदाराला. म्हणजे झाड तोडायची बंदी त्याच माणसाला आणि ठेकेदारासाठी तेच झाड तोडायची मजुरीही त्याच माणसाला!

जमिनीही गेल्या. बहुतेक सावकाराकडे. आणि मग 'लग्नगडी' आले. सिमिंग्टन नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारने आदिवासी भागाची चौकशी करायला नेमला होता. तीसच्या दशकाच्या अखेरीस त्याने जो अहवाल दिला त्यात या पद्धतीबद्दल आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. वर्षानुवर्षं, कधीकधी मरेपर्यंत. याशिवाय वेठ होतीच. जमीनदाराचा माणूस येऊन बोलावून नेईल त्या दिवशी आपलं शेत सोडून जायचं, फुकट. साहेब दौऱ्यावर आला की सामान उचलायला, वाट दाखवायलाही गावातली माणसं धरून नेत. म्हणजे वाटाड्या हा धंदा या भागात जुनाच. फक्त पैसे मिळत नसत.

हे बदललं १९४५ मध्ये. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या कामाला डहाणू-उंबरगाव भागात आले. मे महिन्यात तलासरीजवळ झरीला वारल्यांची मोठी परिषद भरली आणि ठरलं की वेठ करायची नाही. लग्नगडी सुटले. पावसाळा संपताना गवतकापणीचा संप झाला. मागणी काय, तर पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. पहिला जेठ्या गांगड. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीसाठीही लढा झाला. गोदावरीबाईंनी १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ते कॉलेजात असताना वाचलं होतं. वाचताना जमीनदार आणि ठेकेदार मला स्पष्ट दिसले होते. त्यांच्या वखारीत पाटावर बसून लिहिणारा मेहताजी मात्र दिसला नव्हता.

नंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात, १९४७ च्या सुमारास, जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. ठेकेदाराऐवजी तोडणाऱ्यांच्या संस्थेला कूप मिळावा ही कल्पना. आणि जंगलावरचा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००६ साल उजाडलं. वन हक्क कायद्याने कसत असलेल्या जमिनीचा आणि गावाच्या सामूहिक वनाचा हक्क मागता येऊ लागला. १८७८ ते २००६, म्हणजे १२८ वर्षं लागली.

आता तुम्ही म्हणाल, रविवारच्या सहलीत हे सगळं कशाला? सांगतो.

अलीकडे 'इको टुरिझम', 'ग्रामीण पर्यटन' हे शब्द जोरात आहेत. आपल्याच जिल्ह्यात जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा या वारली गावात लोक राहायला जातात. तिकडे अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीला काजवे बघायला झुंबड उडते. गावकरीच वाट दाखवतात, घरी जेवू घालतात, पैसा गावात राहतो. मला हे सगळं शहरी हौशीचं खूळ वाटायचं. पण या डोंगराच्या इतिहासात ही गोष्ट ठेवून बघा. पोर्तुगिजांच्या काळापासून प्रत्येकाला या रानातलं काहीतरी न्यायचं होतं आणि त्यासाठी ज्या माणसाची वाट माहीत असण्याची गरज होती, त्या माहितीची किंमत त्याला कोणी दिली नाही. आज बहुधा पहिल्यांदा तो स्वतः दर सांगतोय. आठशे. आणि आम्ही काय केलं? सहाशे करा म्हटलं.

या धंद्याची जगातली सगळ्यात प्रसिद्ध संस्था फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी शामोनीला आहे. १८२० साली माँ ब्लाँ चढताना हिमलोट कोसळला आणि तीन वाटाडे मेले. नेणारे साहेब वाचले. दुसऱ्याच वर्षी, १८२१ मध्ये, तिथल्या वाटाड्यांनी आपली संस्था काढली. मेलेल्यांच्या घरच्यांसाठी मदतनिधी, ठरलेला दर, आणि पाळी. म्हणजे साहेबाने आवडता माणूस निवडायचा नाही, ज्याचा नंबर असेल तो जाणार. दोनशे वर्षं होऊन गेली, ती संस्था चालू आहे. शामोनीचे वाटाडेही मुळात गरीब शेतकरी आणि मेंढपाळच होते.

उतरताना मी काकांच्या बरोबरीने चालत होतो. खाली पाड्याशी आलो तसं केमिकलवाल्याने काही न बोलता पाकीट काढलं आणि आठशे रुपये मोजून दिले. काकांनी ते परत मोजले आणि म्हणाले, "हां, आठशे." म्हणजे सकाळी त्यांनी सहाशेला 'हो' म्हटलंच नव्हतं!

मी वर दोनशे द्यायला गेलो. खरं सांगायचं तर ते दोनशे काकांना नव्हते, चोपडीतल्या त्या चौदा असाम्यांना होते. काकांनी हात मागे घेतला. "नको. आम्ही पाच जणं हायत. आलटून पालटून जातो. मला हजार दिलेत तर उद्या दुसऱ्यासोबत येणारा म्हणेल तुम्ही जास्ती मागता, नायतर तो म्हणेल मला का नाय. आठशे म्हणजे आठशे."

मी चमकलोच. शामोनीला जे १८२१ मध्ये ठरलं ते या पाच जणांनी कुठलीही परिषद न भरवता, मोहाच्या झाडाखाली बसून ठरवलं होतं.

मग मी म्हटलं, "काका, मी या डोंगरावर लिहिणार आहे. तुमचं नाव घालतो." मला वाटलं, मी फार मोठी गोष्ट देतोय. साडेचारशे वर्षांचा रिकामा रकाना भरतोय वगैरे...

काका म्हणाले, "माझं नको. नायतर समदे मलाच फोन करतील, बाकीच्यांची पाळी बुडेल. लिहायचं तर लिहा की पाड्यावर विचारा."

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मी मनातल्या मनात माझा निबंध दुरुस्त करत होतो. आजोबांच्या चोपडीत नाव नव्हतं कारण लिहिणाऱ्याला ते महत्त्वाचं वाटलं नाही. माझ्या लेखात नाव नाही कारण ज्याचं आहे त्याने नको म्हणून सांगितलं. कागदावर दोन्हीकडे जागा रिकामीच दिसते, पण दुसऱ्या वेळी विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं. फरक एवढाच आहे. पण तो पडायला १९४५ चा संप लागला, पाच माणसं मेली आणि २००६ चा कायदा यावा लागला.

घरी आल्यावर माळ्यावरून चोपडी काढली. आईने विचारलं, आता हे कशाला? म्हटलं, बघत होतो. वाळवीने एक कोपरा खाल्लाय, स्कॅन करून ठेवायला हवी. पुढच्या वेळी मास्तरबरोबर जाईन तेव्हा काकांनाही दाखवणार आहे. ते काय म्हणतील माहीत नाही. कदाचित काहीच म्हणणार नाहीत. पण त्या चौदांतला एक कदाचित त्यांचा आजा होता आणि त्या पानावर त्यांचाही माझ्याइतकाच हक्क आहे.

तर मंडळी, जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात कातळ निसरडा असतो, सवय नसेल तर नको. वर जायला दोन-अडीच तास, पाणी घरूनच भरपूर न्या, प्लास्टिक परत आणा. हायवे ओलांडताना सांभाळून, गडापेक्षा तो जास्त धोक्याचा आहे. आणि वाटाड्या घ्याच. पाड्यावर विचारा, ज्याची पाळी असेल तो येईल. दर तो सांगेल. तेवढा द्या.